दट्ट्या की नळी?
स्वयंभरण रायफलीतला वायू आणि एका घाईच्या निर्णयाची गोष्ट

विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरात मी न्यूटनच्या तिसऱ्या नियमावर बोलत होतो. बंदुकीचा खांद्याला बसणारा धक्का हे त्या नियमाचे नेहमीचे उदाहरण. फळ्यावर गणित मांडून झाले, तेव्हा मागच्या बाकावरून एक शिक्षक उठले. शाळेत ते भौतिकशास्त्र शिकवतात आणि एन.सी.सी.ची तुकडीही सांभाळतात. ते म्हणाले, "सर, आमची मुले पॉइंट टू-टू रायफलीने नेमबाजी शिकतात. तिच्यात प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागे ओढावा लागतो. एस.एल.आर.मध्ये मात्र तो आपोआप मागे जातो. कसा, असे मुले विचारतात. मी सांगतो, वायूच्या दाबाने. मग मुले म्हणतात, काही रायफलींत दट्ट्या असतो आणि काहींत नुसती नळी, तर यांतली चांगली कोणती? इथे माझी गाडी अडते."

त्या दिवशी पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी दिले. दुसऱ्याचे वेळेअभावी राहून गेले. पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. वरवर पाहता तो मुलांच्या हुज्जतीचा विषय वाटतो. प्रत्यक्षात याच यंत्रणेशी संबंधित एका घाईच्या निर्णयामुळे १९६६-६७ साली अनेक तरुण सैनिक हातात अडकलेली रायफल घेऊन मरण पावले. म्हणून हे उत्तर जरा सविस्तर देणे योग्य ठरेल.

एका मिलिसेकंदातले काम

प्रथम, रायफलीत काय घडते ते पाहू. चाप ओढल्यावर काडतुसातली दारू पेटते. ही दारू म्हणजे मुख्यतः नायट्रोसेल्युलोज. जळताना तिचे कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ, नायट्रोजन आणि हायड्रोजन असे वायू होतात. दारूतला ऑक्सिजन पूर्ण ज्वलनाला पुरेसा नसतो, म्हणून थोडी काजळीही उरते. ही काजळी लक्षात ठेवावी; ती पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

आपल्या प्रेशर कुकरमधला दाब बाहेरच्या हवेच्या साधारण दुप्पट असतो. ५.५६ मिलिमीटर व्यासाच्या काडतुसात तो क्षणभर सुमारे साडेतीन हजार पट होतो. या दाबाने साडेतीन ग्रॅम वजनाची गोळी अर्ध्या मीटरच्या नळीतून सेकंदाला सुमारे ९९० मीटर वेगाने बाहेर पडते. गतिज ऊर्जेचे सूत्र वापरले तर ती सुमारे १,७५० ज्यूल भरते. या सगळ्याला लागणारा वेळ सुमारे एक मिलिसेकंद.

या काळात आणखी एक गोष्ट घडते. काडतुसाची पितळी पुंगळी दाबाने फुगते आणि ज्या कोठीत ती बसलेली असते तिच्या भिंतीला घट्ट चिकटते. त्यामुळे वायू मागच्या बाजूने निसटत नाही. गोळी बाहेर पडली की दाब उतरतो, पितळ आपल्या स्थितिस्थापकतेने किंचित आकसते आणि पुंगळी सैल होते. आता बोल्टने कुलूप उघडायचे, पुंगळी ओढून बाहेर फेकायची, मागे जाऊन स्प्रिंग दाबायची आणि परत येताना नवे काडतूस कोठीत ढकलायचे. पॉइंट टू-टू रायफलीत हे काम मुलाचा हात करतो. त्यामुळे दाब उतरण्याआधी कुलूप उघडण्याचा प्रश्नच येत नाही. स्वयंभरण रायफलीत हेच काम यंत्राला करायचे असते, आणि सगळी मेख वेळेत आहे. फार उशीर झाला तर जोर अपुरा पडतो, आणि फार लवकर झाले तर पुंगळी अजून चिकटलेली असते.

या कामासाठी ऊर्जा कुठून आणायची? गोळीमागे धावणाऱ्या वायूतून. नळीला मध्येच एक बारीक छिद्र ठेवतात. गोळी त्या छिद्रापुढे गेली की थोडा वायू तिथून बाहेर येतो. एम-१६ रायफलीत छिद्रापासून नळीच्या तोंडापर्यंत सुमारे १८ सेंटिमीटर अंतर उरते. सेकंदाला ९०० मीटर वेगाने ते पार करायला ०.२ मिलिसेकंद लागतात. गोळी बाहेर पडली की दाब कोसळतो. म्हणजे यंत्राला ऊर्जा मिळते ती मुख्यतः एवढ्याच अवधीत. हा वायू बोल्टपर्यंत कसा न्यायचा, यावर मतभेद आहेत आणि तेथेच दोन घराणी होतात.

दट्ट्याचे घराणे

पहिल्या पद्धतीत छिद्रातून आलेला वायू नळीच्या वरच्या बाजूला बसवलेल्या एका सिलिंडरमध्ये शिरतो आणि तेथील दट्ट्याला मागे ढकलतो. दट्ट्या बोल्टच्या वाहकाला मागे नेतो. वायूचे काम तिथेच संपते आणि तो पुढच्या भागातच बाहेर सोडला जातो.

या घराण्यात पुन्हा दोन शाखा आहेत. लांब धावेच्या शाखेत दट्ट्या वाहकालाच जोडलेला असतो आणि त्याच्याबरोबर शेवटपर्यंत मागे जातो. अमेरिकेने १९३६ साली स्वीकारलेली गॅरंड रायफल आणि मिखाईल कलाश्निकोव्ह यांची १९४७ ची एके ही याची ठळक उदाहरणे. पुण्याच्या ए.आर.डी.ई. या संरक्षण संशोधन संस्थेने आराखडा केलेली इन्सास रायफल आणि अमेठी जिल्ह्यातील कोरवा येथे बनणारी एके-२०३ याही याच शाखेतल्या.

आखूड धावेच्या शाखेत दट्ट्या वाहकाला फक्त एक टोला देतो आणि स्वतःच्या स्प्रिंगने जागेवर परततो. पुढचा प्रवास वाहक मिळालेल्या संवेगावर करतो. फरक समजण्यासाठी कॅरम आठवावा. सोंगटी बोटाने धरून भोकापर्यंत सरकवत नेली, तर ती लांब धाव. स्ट्रायकरने टोला दिला आणि स्ट्रायकर मागेच राहिला, तर ती आखूड धाव. ईशापूरच्या कारखान्यात तयार झालेली आपली एस.एल.आर. या दुसऱ्या शाखेची. मूळ आराखडा बेल्जियमच्या दियुदोने सेव्ह यांचा. तिच्यात वायूचे प्रमाण कमीजास्त करणारा नियंत्रकही असतो. रायफल घाणीने जड चालू लागली तर थोडा अधिक वायू दट्ट्याकडे वळवता येतो.

नळीचे घराणे

दुसऱ्या पद्धतीत वेगळा दट्ट्या नाही. छिद्रातून निघालेला वायू एका बारीक पोलादी नळीतून थेट मागे, बोल्टच्या वाहकापर्यंत जातो. स्वीडनच्या १९४२ च्या युंगमान रायफलीत आणि फ्रान्सच्या मास-४९ मध्ये हा वायू वाहकावर येऊन आदळतो आणि त्याला मागे ढकलतो.

अमेरिकेच्या यूजीन स्टोनर यांनी यात महत्त्वाचा बदल केला. त्यांनी १९५६ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६० साली ते मिळाले. एआर-१५ आणि तिची लष्करी आवृत्ती एम-१६ यांत हीच रचना आहे. वायू वाहकाच्या पोकळीत शिरतो. या पोकळीच्या पुढच्या बाजूला बोल्टचे शेपूट असते आणि मोटारीच्या दट्ट्याला असतात तशा तीन कड्या त्यावर बसवलेल्या असतात. वायू प्रसरण पावतो तेव्हा बोल्टवर पुढे आणि वाहकावर मागे असा जोर येतो. वाहक मागे सरकताना बोल्ट फिरतो, दाते सुटतात आणि कुलूप उघडते. म्हणजे स्टोनर यांनी दट्ट्या काढून टाकलेला नाही. बोल्टलाच दट्ट्या केले आहे. वायू नुसता आदळत नाही, तो प्रसरण पावून काम करतो, हा भेद स्टोनर यांनी आपल्या पेटंटमध्येच नोंदवला होता. तरीही या रायफलींना सरसकट थेट वायूच्या रायफली म्हणण्याची प्रथा पडली आहे.

दोन्ही पारड्यांत काय?

आता दोन्ही पद्धती तोलून पाहू. एक साधा प्रयोग करावा. टेबलावर डस्टर आडवा ठेवून त्याच्या बरोबर मध्यावर बोटाने ढकलावे. तो सरळ जातो. आता एका टोकाशी ढकलावे, तो फिरतो. दट्ट्या नळीच्या वर असतो, त्यामुळे त्याचा जोर वाहकाच्या वरच्या भागावर पडतो आणि वाहक कलू पाहतो. मूळची नळीची रायफल घेऊन तिच्यात नुसता दट्ट्या बसवला, तर वाहकाचे मागचे टोक खाली घासते. मुळातच दट्ट्यासाठी आखलेल्या रायफलीत यासाठी चांगले मार्गदर्शक रूळ असतात. स्टोनर यांच्या रचनेत सगळा जोर नळीच्या अक्षावरच येतो. हलणारे भाग कमी, वजन कमी आणि नळीवर लटकवलेले ओझेही कमी. नेमबाजाला याचा फायदा मिळतो.

याची किंमत म्हणजे काजळी आणि उष्णता. दट्ट्याच्या रायफलीत या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी पुढे राहतात. नळीच्या रायफलीत त्या थेट बोल्टपाशी, म्हणजे जिथे तेलाची सर्वात जास्त गरज तिथेच येतात. तेल सुकते आणि काजळीचा थर बसतो. राकेलच्या स्टोव्हचे बर्नर ज्यांनी साफ केले आहे त्यांना हे निराळे सांगायला नको. नळी आखूड केली तर अडचण वाढते. एम-१६ पासून निघालेल्या आखूड एम-४ रायफलीत वायूचे छिद्र कोठीच्या जवळपास पाच इंच अलीकडे येते. तिथे दाब बराच जास्त असतो. त्यामुळे बोल्टला बसणारा झटका वाढतो आणि कुलूप लवकर उघडू पाहते.

इतके वाचून कोणीही म्हणेल, "मग दट्ट्याच बरा. व्हिएतनाममध्ये एम-१६ अडकत होती आणि एके चालत होती, हा पुरावाच नाही का?" इथेच थांबून नीट पाहिले पाहिजे.

व्हिएतनाममध्ये काय बिघडले?

स्टोनर यांची रायफल ज्या दारूवर विकसित झाली, तिचे कण बारीक नळकांड्यांच्या आकाराचे होते. पण लष्कराने ठरवलेला गोळीचा वेग आणि कमाल दाब या दोन्ही अटी त्या दारूने मोठ्या उत्पादनात पाळणे अवघड जाऊ लागले. १९६४ साली गोल कणांची वेगळी दारू मान्य करण्यात आली. ती दोन्ही अटी पाळत होती. कागदावर सगळे ठीक होते.

शिक्षकांनी इथे फळ्यावर एक आलेख काढावा. आडव्या अक्षावर नळीतले अंतर, उभ्या अक्षावर दाब. आता एकच कमाल उंची असलेले आणि खाली जवळपास सारखेच क्षेत्रफळ असलेले दोन वक्र काढावेत: एक लवकर उतरणारा आणि दुसरा थोडा उशिरा उतरणारा. क्षेत्रफळ सारखे म्हणजे गोळीवर झालेले कार्य सारखे, म्हणून वेगही सारखा. कमाल दाबही सारखा. पण छिद्र जिथे आहे तिथली दोन्ही वक्रांची उंची पाहावी. ती वेगळी आहे! नव्या दारूत छिद्रापाशी दाब जास्त होता. जी दोन मापे घेतली जात होती त्यांत हा बदल दिसतच नव्हता, आणि जे माप बदलले होते त्यावर कोणतीही मर्यादा घातलेली नव्हती.

परिणाम काय झाला? बोल्टला अपेक्षेपेक्षा जास्त जोर मिळू लागला. सलग गोळीबाराचा वेग मिनिटाला ७०० ते ८०० फैरी असायचा. तो हजारापर्यंत चढू लागला. कुलूप लवकर उघडू लागले आणि भिंतीला चिकटलेली पुंगळी ओढली जाऊ लागली. कधी पुंगळीची कड फाटून पुंगळी आतच राही. ती काढायला नळीच्या तोंडातून गज घालावा लागे, आणि समोरून गोळीबार चालू असे.

रसायनशास्त्राच्या शिक्षकांसाठी यात आणखी एक धडा आहे. नायट्रोसेल्युलोज साठवणीत हळूहळू विघटित होऊन आम्लता निर्माण करते आणि त्यामुळे विघटन आणखी वाढते. ही आम्लता शमवण्यासाठी नव्या दारूत कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे आपली चुनखडी, मिसळलेली होती. साठवणीच्या दृष्टीने हे चांगलेच. पण गोळीबारानंतर तिचे अवशेष वायूच्या बारीक नळीत साचू लागले. ज्या पदार्थाने दारू टिकत होती, त्याच पदार्थाने रायफल तुंबत होती.

याखेरीज दोन गोष्टी होत्या. कोठीला क्रोमचा मुलामा नव्हता. जंगलाच्या दमट हवेत तिला गंज चढे, बारीक खड्डे पडत आणि फुगलेले पितळ त्यांत अडके. शिवाय ही रायफल साफ करावी लागत नाही असा समज पसरला होता, आणि सफाईचे साहित्यही पुरेसे पोहोचले नव्हते.

सैनिकांनी घरी पाठवलेल्या पत्रांतून ही हकीकत बाहेर आली. मे १९६७ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाने रिचर्ड इकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखाली उपसमिती नेमली. ऑक्टोबरमधील अहवालात पुरेशा चाचणीवाचून दारू बदलल्याबद्दल लष्करावर कडक टीका झाली. त्या सुमारास रायफलीतले उपायही सुरू झाले होते. बोल्टचा झटका मंदावणारा जड बफर आला, कोठीला क्रोमचा मुलामा आला, सफाईचे साहित्य पोहोचले आणि पुढे दारूतल्या चुनखडीचे प्रमाण कमी करण्यात आले. १९६८ साली सैनिकांसाठी देखभालीची एक पुस्तिका निघाली, तीही चित्रकथेच्या रूपात, विल आइस्नर या नामवंत चित्रकाराने काढलेली. हे शिक्षकांना विशेष रुचावे. तक्रारी ओसरल्या. आणि लक्षात घ्यावे, या सगळ्यात वायूची नळी होती तशीच राहिली!

आता एकेकडे वळू. तिच्यात दट्ट्या होता हे खरे. पण तिच्या नळीला आतून क्रोमचा मुलामाही होता, भागांमध्ये फटी सैल होत्या आणि तिचे काडतूस चांगलेच निमुळते होते. एकात एक बसवलेले निमुळते पेले जरा हलवले की सुटतात. सरळ उभ्या भिंतीचे डबे अडकून बसतात. पुंगळीचेही तसेच. दोन रायफलींत इतक्या गोष्टी वेगळ्या असताना श्रेय एकट्या दट्ट्याला देणे म्हणजे, दोन रोपांना वेगळी माती, वेगळे पाणी आणि वेगळे ऊन देऊन फरकाचे कारण खत आहे असे म्हणण्यासारखे आहे.

धुळीची परीक्षा

पुढच्या काळात याच प्रश्नाची अधिक बांधेसूद परीक्षा झाली. २००७ साली अमेरिकी लष्कराने चार प्रकारच्या रायफली दाट धुळीत तपासल्या. प्रत्येक प्रकारच्या १० रायफली आणि प्रत्येकीतून ६,००० गोळ्या, म्हणजे प्रकारामागे ६०,००० गोळ्या. आखूड धावेच्या दट्ट्याच्या तीन रायफलींत अनुक्रमे १२७, २२६ आणि २३३ वेळा अडथळा आला. नळीच्या एम-४ मध्ये तो ८८२ वेळा आला. टक्केवारीत सांगायचे तर ०.२१, ०.३८, ०.३९ आणि १.४७.

निकाल स्पष्ट दिसतो. पण दोन गोष्टी पुढे ठेवतो. त्याच वर्षी काही महिन्यांपूर्वी याच एम-४ ची अशीच धुळीची चाचणी झाली होती. तेव्हा अडथळे आले होते ३०७. तीच रायफल, तशीच चाचणी आणि आकडा जवळजवळ तिप्पट! दुसरे, ८८२ पैकी २३९ अडथळे मॅगझिनमुळे आले होते, आणि मॅगझिनचा वायूच्या मार्गाशी संबंध नाही. याचा अर्थ दट्ट्याचा फायदा खोटा, असा नाही. धुळीत आणि आखूड नळीत तो बहुधा खराच आहे. पण फायदा किती, हे सांगताना त्याच यंत्राची दोन मापे एकमेकांपासून किती दूर पडतात, हेही सांगितले पाहिजे. आपण प्रयोगवहीत चुकीची मर्यादा लिहायला लावतो ती याचसाठी.

लष्करांची निवडही एकमुखी नाही. नॉर्वेने २००७ साली आणि फ्रान्सने २०१६ साली दट्ट्याची एचके-४१६ घेतली. अमेरिकी लष्कराने २०२२ साली निवडलेली नवी रायफलही आखूड धावेच्या दट्ट्याची आहे. उलट कॅनडा आणि डेन्मार्क यांनी थंडी-बर्फात वर्षानुवर्षे नळीच्या रायफली वापरल्या. ब्रिटनने २०२३ साली आपल्या काही खास तुकड्यांसाठी निवडलेली रायफलही नळीचीच आहे.

मग निवड कशी करायची?

आपल्या देशात ही निवड लष्कराला आणि पोलिसांना करायची असते. तरी तिची रीत कोणालाही उपयोगी पडेल. आधी विचारायचे की नळी किती लांब आहे. लांब नळीत छिद्र पुढे नेता येते, दाब सौम्य मिळतो आणि नळीची साधी, हलकी रचना उत्तम चालते. आखूड नळीत किंवा आवाज दाबणारे साधन लावल्यावर मागे येणारा वायू वाढतो. तिथे दट्ट्याचे आणि नियंत्रकाचे पारडे जड होते. दुसरा प्रश्न काडतुसाचा. दारू एकाच जातीची मिळणार की वेगवेगळ्या कारखान्यांची? बदलत्या दारूला नियंत्रक असलेली रायफल अधिक सहन करते. तिसरा प्रश्न माणसाचा. रायफल ज्याच्या हाती जाणार त्याला सफाई शिकवली आहे का, आणि तेल, गज, ब्रश त्याच्यापर्यंत पोहोचतात का? शेवटचा प्रश्न बदलाचा. उद्या यांतली एखादी गोष्ट बदलली तर बाकीची मापे पुन्हा घेतली जाणार का?

माझ्या मते हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. १९६४ साली चुकले ते नळी निवडण्यात नव्हे. रायफल, काडतूस, दारू, तेल आणि सैनिक मिळून एक यंत्र होते, आणि त्यातला एक भाग बदलताना बाकीचे जसेच्या तसे राहतील असे गृहीत धरले गेले. ज्यांनी ते गृहीत धरले ते कार्यालयात होते. ज्यांनी किंमत दिली ते चिखलात होते.

शिबिरातल्या त्या शिक्षकांना म्हणून माझे उत्तर असे. मुलांनी "चांगली कोणती?" असे विचारले की त्यांना आधी डस्टर ढकलायला लावा, मग आलेख काढायला लावा. त्यानंतर त्यांनाच विचारा, "कोणत्या नळीत, कोणत्या दारूवर, कोणाच्या हातात?" मुले थोडी हिरमुसतील, कारण त्यांना एक नाव हवे असते. पण जो मुलगा त्यानंतर "सर, त्यांनी छिद्रापाशी दाब मोजलाच का नाही?" असे विचारील, त्याला विज्ञान कळू लागले आहे, असे खुशाल समजावे.